शनिवारची पोटदुखी

बाळांनो, मुलुंडमधला एक दवाखाना डोळ्यांसमोर आणा. तपासायच्या टेबलावर आठ वर्षांची रेवती बसली आहे, पोटावर हात धरून. आज शनिवार. दर शनिवारी दुपारी ती आईच्या घरून पप्पांकडे भांडुपला जाते, रविवारी संध्याकाळी परत येते. आणि दर शनिवारी तिचं पोट दुखतं.

"रिपोर्टमध्ये काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो ना, तसं आहे हे. डोक्यातली काळजी पोटाला कळते. पोट दुखलं की डोकं आणखी घाबरतं."

"मग तेच लिहून द्या," आई म्हणाली. "बापाकडे जायचं म्हटलं की दुखतं. वकिलांनी मागितलंय."

"रविवारी येताना पण दुखतं," रेवती म्हणाली.

"ते तिथलं अरबट-चरबट खाऊन, गं."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "दोन्ही वेळा दुखतं?"

रेवतीने आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते. रेवती टेबलावरून खाली उतरली. पेन पुन्हा चालू लागलं.

बाहेरच्या बाकावर आईने तिला जवळ घेतलं. "हा कागद कोर्टात दिला ना, की तुझं जाणंच बंद. सुटशील बघ." मग तिने पप्पांना फोन लावला. "नितेश, ती आज येत नाहीये. अरे, पोट दुखतंय तिचं! तुला काय त्याचं?"

तुम्ही असतात तर काय केलं असतं? रेवतीने सरळ हिशेब केला. पोट दुखतंय म्हणून जायचं नाही. मग पोट दुखायलाच नको.

आईच्या पिशवीत दहीभाताचा डबा होता. सकाळपासून रेवतीने तो उघडलाही नव्हता. आता तिने झाकण काढलं आणि भराभर खायला लागली.

"आई, बघ ना. नाही दुखत आता. सगळा संपवते."

आई बघत राहिली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"ऐकलंस?" ती फोनमध्ये म्हणाली. "तुझ्याकडे यायचं नाही म्हटलं आणि लगेच जेवायला लागली पोरगी. पोट खोटं बोलत नाही, नितेश."

रेवतीच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला नाही. थुंकलाही नाही. गालात तसाच धरून ती बसून राहिली.