एक वीत उंच

या, असे जवळ सरका. गोष्ट एका बाकाची आहे. लहानशीच आहे, पण ऐकताना घाई करू नका.

टेकडीवरच्या जुन्या बंकरमधला बाक बांधून झाला होता. तिथल्या बंदुका केव्हाच गेल्या होत्या. आता दमल्याभागल्यानं घटकाभर तिथं शांत बसावं, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. काम एका गवंडी बाईकडे आलं. तिनं भिंतींना चुना दिला, लोखंडी दार काढून टाकलं. बाक मात्र मुद्दाम बुटका ठेवला. बसलं की गोळीबाराच्या फटीतून खालचा रस्ता दिसू नये, नुसतं आभाळ दिसावं. जो तो बसून वाखाणून जाई.

ताबा द्यायच्या आदल्या दुपारी तिचे वडील काठी टेकत आले. तरुणपणी त्यांनी याच फटीमागं दोन वर्षं पहारा केला होता. त्यानंतर चाळीस वर्षं टेकडीकडे फिरकले नव्हते. ते बाकावर बसले. वर बघितलं. लेकीचा जीव कानात गोळा झाला. उभ्या जन्मात आप्पांनी तिच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं.

"एक वीत उंच हवा," आप्पा म्हणाले.

"झालं! तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी उंबरा मोजाल. उंच केला तर रस्ता दिसेल ना!"

"दिसू दे."

"अजून नेम धरायची हौस फिटली नाही वाटतं?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आप्पा रागावले नाहीत.

"नेम धरून गोळी झाडली तेव्हा काहीतरी हललं, एवढंच दिसलं," ते म्हणाले. "मागाहून कळलं, पोस्टमन होता. सायकल हातात धरून चढ चढत होता. तोंड कसं होतं, ठाऊक नाही. आता येणाऱ्याजाणाऱ्याला नीट बघावं म्हणतो."

तिनं बाकावरची फरशी उचकटली. विटांचे दोन थर चढवले. फरशी पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी साहेब तपासायला आले, तेव्हा आप्पा आधीच बसलेले होते.

"बाई, आभाळ कुठं गेलं?" साहेबांनी शेजारी टेकून विचारलं.

"बाहेर आहे की भरपूर," ती म्हणाली.

खालच्या रस्त्यानं एक बाई पिशवी सावरत चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत आप्पांनी पापणी हलवली नाही.

तर मंडळी, कधी त्या बाकावर टेकलात, तर त्या पोस्टमनची आठवण काढा. नाव मला माहीत नाही. देवाला माहीत आहे.