दारातली दोरी

इरावतीकाठच्या त्या गावाचं इंटरनेट लष्कराने तोडलं, तरी गावातले व्हिडिओ जगभर पोचतच होते. म्हणून आकाशातून नेट घेणारी तबकडी शोधत शिपाई घरोघर घुसत होते. दॉ न्यो म्याच्या दारात मात्र त्यांचे पाय थबकले. दारातच आडव्या दोरीवर म्हातारीची थमेन, म्हणजे बायकांची लुंगी, वाळत होती. तिच्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेले सगळे!

“आजी, काढा ती आधी,” हवालदार गुरकावला.

“खांदा धरलाय रे माझा, बाळा. तूच काढ की.”

हवालदाराने शिपायाकडे पाहिलं. शिपाई दोन पावलं मागे सरला. “साहेब, पहिला मान तुमचा.”

शेवटी लांबूनच आत डोकावल्यासारखं करून सगळे निघून गेले.

आतून नात धावत आली. “आजी, गेला व्हिडिओ! आता काढू का दोरी?”

“हात लावू नकोस,” दॉ न्यो म्या म्हणाली. “सासूच्या धाकाने जन्मभर थमेन मागच्या अंधारात वाळवली. आता लागू दे तिला जरा ऊन.”