आर्यनचा बर्फातला हिवाळा

औलीत काल फूटभर ताजा बर्फ पडला आणि आर्यन पहिल्यांदाच वरच्या टप्प्यापासून तळापर्यंत स्कीवरून न पडता आला, इथवर वाचून शिरीषने फोन बाजूला ठेवला. नूतन डोळे मिटून ऐकत होती. तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

त्याने पुन्हा वाचलं. ती ईमेल त्यानेच दुपारी मस्कतच्या गाला भागातल्या आपल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिली होती. त्यांचा मुलगा आर्यन औलीत नव्हता. तो मस्कतपासून तासाभरावर, समाईलच्या तुरुंगात होता.

२०१४च्या नोव्हेंबरात सुट्टीच्या एका शुक्रवारी शिरीषला अचानक कामावर जावं लागलं, म्हणून नूतन आणि आर्यन दोघंच रुस्ताकला गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले. परतताना, उन्हं कलायच्या वेळी, त्यांच्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं आणि ती विजेच्या खांबावर आदळली. सायकलवाला जागीच गेला. पोलीस पोचले तेव्हा आर्यन रस्त्याच्या कडेला आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गाडी मी चालवत होतो, असं त्याने सांगितलं आणि पुढे केलेल्या कागदावर सही केली. त्याला वर्षाची शिक्षा झाली. वय एकवीस.

नूतन तीन दिवसांनी शुद्धीवर आली. झऱ्यात पाय सोडून बसलेलं आठवतंय, पुढचं काही नाही, असं ती म्हणाली. डोक्याला मार होता, डाव्या खांद्यापासून खाली छातीवर गाडीच्या पट्ट्याचा काळानिळा वळ होता. डॉक्टरांनी शिरीषला बाजूला घेऊन बजावलं, की धक्का बसेल असं काही तिच्या कानावर घालू नका, आणि काही महिने तिला फोन, टीव्ही बघू देऊ नका.

आर्यन कुठे आहे, असं तिने विचारलं तेव्हा शिरीषच्या तोंडून निघून गेलं, "स्कीइंगला गेला. मोसम संपेपर्यंत तिकडेच राहणार आहे."

आर्यनला ते खूळ होतंच. दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर तो शिकला होता आणि एक अख्खा हिवाळा हिमालयात काढायचा म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. तरी आई बेशुद्ध असताना मुलगा बर्फात खेळायला निघून गेला, हे तिला खरं वाटेल याची शिरीषला आशा नव्हती. नूतन त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गेला का अखेर."

तेव्हापासून शिरीष दर आठवड्याला पत्र लिहू लागला. डोंगरात नेटवर्क नाही, रिसॉर्टच्या ऑफिसातून ईमेल येते, असं त्याने सांगितलं. औली झालं, नारकंडा झालं, मग गुलमर्ग. कधीही बर्फात पाय न ठेवलेला हा माणूस बुटांचे खटके, उतारावर वळायची पद्धत, डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याची वेळ असं सगळं इंटरनेटवर वाचून काढायचा. रोज नूतनच्या खांद्याला मलम लावताना तो तिला त्यातलं थोडं थोडं सांगायचा.

तिचे प्रश्न मात्र वेगळेच असायचे. तिथे अंथरायला काय देतात? मुलं एकमेकांशी नीट वागतात ना? हा पडला तर उचलायला कोणी असतं का?

"असतं," शिरीष म्हणायचा.

समाईलला भेटीच्या दिवशी काचेपलीकडे आर्यन दर वेळी थोडा अधिक वाळलेला दिसायचा. फेब्रुवारीत त्याला ताप आला, मग त्याने जेवण टाकलं. स्वतःबद्दल तो बोलायचाच नाही. एकच विचारायचा, "आईला काही रिमेंबर झालं, बाबा?"

"नाही रे."

"गुड. तिला काही सांगू नका, प्लीज."

त्या संध्याकाळी घरी येऊन शिरीषने नूतनला वाचून दाखवलं, की आर्यनचं वजन वाढलंय आणि गुलमर्गच्या सगळ्यात उंच उतारावरून तो खाली आलाय. वाचताना त्याचा आवाज घोगरा झाला. सर्दी झालीय, असं तो म्हणाला. नूतनने उठून त्याला पाणी आणून दिलं.

खालच्या मजल्यावरच्या रईसाभाभींना सगळं ठाऊक होतं. रत्नागिरीच्या त्या बाईने जिन्यात त्याला दोनदा अडवून सांगितलं, की आई आहे ती, तिच्यापासून किती दिवस लपवाल? दोन्ही वेळा शिरीष तसाच जिना चढून वर गेला.

एप्रिल उजाडला. मस्कत तापायला लागलं. बर्फ आता वितळत असेल, असं नूतन एका सकाळी सहज म्हणाली आणि शिरीष ऑफिसात दिवसभर मे महिन्यातही बर्फ टिकणारे डोंगर शोधत बसला. त्याच दुपारी वकिलाचा फोन आला. अपिलात पुराव्यादाखल नवीन काही नसेल, तर आशा धरू नका. आणि तुमचा मुलगा आजही जेवलेला नाही.

नवीन कुठून आणणार? इथे चालकाची सीट डावीकडे; शिरीषने पट्टा डाव्या खांद्यावरून ओढून लावला आणि गाडी थेट घरी आणली.

नूतन खिडकीशी बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. औली नाही, गुलमर्ग नाही, पत्रं माझी. रुस्ताकहून येताना आर्यनच्या हातून एक माणूस गेला. तो पाच महिने तुरुंगात आहे आणि तिथे खंगत चाललाय. मी तुला फसवलं, मला माफ कर.

ती रडली नाही.

"तू नाही फसवलंस," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय, शिरीष. गाडी मी चालवत होते."