नाटकातलं डुक्कर

शाळेतल्या पोरांना डुक्कर देऊन वैर मिटवायच्या रीतीवरच्या, समेटाच्या नाटकासाठी डुक्कर उसनं देण्यात सिमियोनआजोबांचा फायदाच होता: डुकराला फुकटची रताळी, आजोबांना पुढची खुर्ची. बोगनव्हिल बेटावरच्या लढाईत आजोबांच्या गावानं नदीपलीकडच्या मातेविसचा भाऊ मारला, तेव्हापासून बोलणं बंद. आज मातेविसही पुढंच होता. नाटकात आजोबांच्या नातीनं मातेविसच्या नातवाकडं डुकराची दोरी सोपवली, तसा मातेविस उठला, दोरी धरून म्हणाला, “चारचौघांत दिलेलं डुक्कर परत जात नाही. समेट झाला.” “दोरी सोड रे, नाटक आहे ते,” आजोबा खेकसले. “पोरांचं असेल. डुकराला कुठं नाटक येतं?” मंडळी हसली. मातेविसनं सुपारी पुढं केली. दोरी हिसकावावी तर वैर राहतं, सोडावी तर डुक्कर जातं. आजोबांनी सुपारी तोंडात टाकली, म्हणजे समेट मान्य. हिशेब: सुपारी मातेविसची, टाळ्या पोरांच्या, समेटाचं जेवण दोन्ही गावांना, किंमत एकट्या डुकरानं मोजली.