काचेत राहिलेला ठिपका

घाटकोपरच्या माझ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिवदास मेकॅनिकने जुन्या मशीनला नवा गेम बसवला. तरी जुन्या गेममधल्या भुलभुलैयाच्या भिंतींच्या खुणा पडद्याच्या काचेत जळून राहिल्याच होत्या. ते नेहमीचंच. पण त्या भिंतींमधला फिकट ठिपका रोज जागा बदलायचा.

"नंदाताई, ही पिक्चर ट्यूब फेकून दे."

"का रे? दुकान माझं आहे. जायचं तर त्या ठिपक्याने जावं."

भरदुपारी मी प्लग उपटला. पडदा काळा पडला. ठिपका चालतच राहिला.

"माझ्या मशीनवर फुकट खेळतोस?" मी जॉयस्टिक मुठीत आवळली.

ठिपका थांबला.

मी दांडी डावीकडे ओढली. ती उजवीकडे ओढली गेली. मी सोडली नाही.

मग माझ्या मुठीवर आणखी एक मूठ आवळली.