निळ्याचे हौद

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी वीज गेली आणि दोन्ही हौदांतली पाणी ढवळणारी चाकं थांबली.

शेवाळमास्तर पत्र्याच्या खोलीतून धावत बाहेर आला. कारखान्यात त्याला याच नावानं हाक मारत. हौदात आहे ते शेवाळ नव्हे, त्याहून कितीतरी जुने, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं. धुराड्यातला वायू नळीनं हौदात सोडायचा. तो खाऊन ते वाढायचे आणि त्यांच्यातून आइस्क्रीममध्ये घालायचा निळा रंग निघायचा. फक्त पाणी हलतं राहायला हवं. अशा उन्हात ते थांबलं, तर संध्याकाळपर्यंत सगळं कुजणार.

जनरेटर दुरुस्तीला गेलेला. वीज यायला पाच वाजतील, असं कळलं. सोबतच्यांपैकी कुणी बाहेरगावी होतं, कुणी फोन उचलेना. त्यानं वल्हं घेऊन एक हौद ढवळला आणि दुसऱ्याकडे पळाला. परत येईस्तोवर पहिल्यावर हिरवी साय धरली होती. तासाभरात त्याचे दंड भरून आले. मग त्यानं मुलीला फोन केला.

ती तिथून वीस मिनिटांवर राहायची. आई गेल्यापासून सहा वर्षं तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. काय झालंय तेवढंच त्यानं सांगितलं. ‘ये’ म्हणायला जीभ रेटेना.

अर्ध्या तासात ती फाटकाशी उभी होती.

वल्हं कसं धरायचं ते त्यानं दाखवलं. तळापासून वर, सावकाश. मग दोघं आपापल्या हौदावर, पाठीला पाठ.

“आई गेली त्या दिवशी हेच करत होतात?” तिनं विचारलं.

“हो. त्या दिवशीही वीज नव्हती.”

“मी अकरा फोन केले होते.”

“खोलीत वाजत होता,” तो म्हणाला. “ऐकू येत होता मला.”

तिचं वल्हं थांबलं. त्यानं वळून पाहिलं. तिच्या हौदावर साय जमू लागली होती. ढवळ, असं तो म्हणाला नाही.

“तुम्ही आला असतात तर?”

“हे मेलं असतं.”

“आणि आई?”

“ती तरीही गेलीच असती.” त्याला दम लागला होता. “पण मी तिथे असतो.”

ती तशीच उभी राहिली. मग खाली वाकून तिनं वल्हं पुन्हा तळाशी घातलं.

पाचला वीज आली, चाकं फिरू लागली. तिनं नळावर हात धुतले. त्यानं चहाचं विचारलं. मुलं क्लासमधून यायची वेळ झाली, असं ती म्हणाली. फाटकाबाहेर पाय टाकल्यावर ती वळली.

“फोन खिशात ठेवत जा, बाबा.”

ती दिसेनाशी झाल्यावर तो खोलीत आला आणि त्यानं नोंदवही उघडली. वीज नव्हती, पाच तास. ‘हजर माणसं’ या रकान्यात सुट्टीच्या दिवशी नेहमी एक असायचं. सवयीनं त्यानं एक लिहिलं. मग ते खोडून दोन केलं.