एका खात्यावरची गाणी

"दादा, फिर वही?" सत्यजितनं कानातला इयरफोन काढून पोह्यांच्या प्लेटशेजारी ठेवला. "मागच्या रविवारी रडवलंत, त्याच्या आधीच्या रविवारी रडवलंत. आता बस करा ना यार. घरी सब ठीक आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" हेमंत म्हणाला. "शिलाँगचा बँड आहे हा. टॅमरिंड वेदर. तिघंच जण आहेत. एक ओळ ओरडून म्हणत नाहीत, बघ तरी."

"म्हणतच नाहीत, कण्हतात."

अवधपुरीतल्या या टपरीवर दोघांचा रिवाज ठरलेला होता. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणि प्रत्येकानं एकेक नवा बँड आणायचा. जो बँड शेजारच्या पोरांनाही ठाऊक असेल तो बाद. दोघं कारखान्यात एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात, कामाला होते. तिथली बाकीची मंडळी जुन्या हिंदी गाण्यांवर खूश होती आणि या दोघांना येडे समजत होती. सत्यजितला धांगडधिंगा आवडे. आज त्यानं इंदूरचा 'उधार के जूते' आणला होता. ढोलकी आणि गिटार यांची नुसती मारामारी. हेमंतनं ते गाणं अर्ध्यावरच थांबवलं. डोकं दुखतं म्हणाला.

हल्ली त्याला सगळ्याचाच शीण येई. शिफ्ट संपवून घरी यायचं, सोफ्यावर आडवं व्हायचं आणि गाणी लावायची. जेवायला वाढू का, असं बायको, विजया, विचारायची. तो हो म्हणायचा आणि तसाच पडून राहायचा. आजार नव्हता, घरात भांडण नव्हतं. लेक वर्षापूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेली, एवढं खरं. पण मुली काय, जायच्याच, असं तोच सगळ्यांना समजावत होता.

"तुम्ही शोधता कुठून ही असली गाणी?" सत्यजितनं विचारलं.

"मी कुठला शोधतोय? ॲप सुचवतं, मी बटण दाबतो. आवडलं तर परत लावतो. काय सांगू तुला, माझ्या मनातलं विजयाला कळत नाही, ते त्या ॲपला कळतं."

"ऐका तुमचं तुम्ही," असं म्हणून सत्यजितनं जिलेबीकडे मोर्चा वळवला.

तेवढ्यात हेमंतच्या फोनवरचं गाणं मध्येच तुटलं. दुसऱ्या फोनवर सुरू आहे, असं पडद्यावर आलं.

याची हेमंतला सवय होती. ॲपचं खातं मुळात तन्वीचं, त्याच्या लेकीचं. हे असले बँड ऐकायची चटकही तिनंच त्याला लावली होती. पुण्याला जाताना तिनं तेच खातं बापाच्या फोनवरही टाकून दिलं. एकात भागतंय तर दुसरं कशाला, असं हेमंतच म्हणाला होता. पण ते एका वेळी एकाच फोनवर वाजायचं. तिनं तिकडे लावलं की याचं इकडे बंद. मग हा मुकाट्यानं थांबायचा. पोरीला ऐकू दे म्हणायचा.

आज त्यानं तिकडे काय लागलंय ते सहज पडद्यावर खाली पाहिलं. तन्वीच्या फोनवर टॅमरिंड वेदरच वाजत होतं. तेच, आत्ता तुटलेलं गाणं. आणि आज तर ती मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जाणार होती. आईला तसं तिनं परवाच सांगितलं होतं.

हेमंतनं पोह्यांची प्लेट बाजूला सारली.

"सत्यजित, ही गाणी माझी नाहीत रे," तो म्हणाला. "खातं एकच आहे. ती जे ऐकते, तेच ते ॲप मला देतं. इतके दिवस ही पोरगी..."

लेक तिकडे एकटी झुरत होती, आणि बाप तिचं झुरणं नवा शोध म्हणून टपरीवर मिरवत होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

"फोन लगाओ दादा. अभी."

त्यानं फोन लावला. तन्वीनं उचलला नाही. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं 'उधार के जूते' लावलं. म्हणजे तिचं गाणं बंद पडलं असणार. क्षणभर ढोलकी वाजली आणि थांबली. तिनं पुन्हा आपलं लावलं होतं. त्यानं पुन्हा ढोलकी लावली. तिनं ती पुन्हा बंद पाडली. सत्यजित जिलेबी हातात धरून ही लढाई बघत राहिला. शेवटी हेमंतचा फोन वाजला.

"बाबा, काय चाललंय तुमचं? ऐकू द्या ना."

"तू गडावर गेली नाहीस?"

"नाही गेले."

"खोलीत एकटीच आहेस?"

"हो."

"तन्वी, बाळा, खरं सांग. कुणी काही बोललं का तुला? नोकरीत काही झालं? मी आजच्या गाडीनं निघतो. आईला काही सांगत नाही. पण असली गाणी अशी एकटीनं ऐकत बसू नकोस गं."

हेमंतनं फोन कानाशी घट्ट धरला.

"बाबा, मी कुठली ऐकतेय असली गाणी?" तन्वी म्हणाली. "ही सगळी तुम्ही लावलेली आहेत. एकच गाणं पुन्हा पुन्हा, रोज. विचारलं तर मजेत आहे म्हणता. म्हणून मग मी तुमच्या मागून तीच ऐकत बसते, तुम्हाला काय झालंय ते कळेल म्हणून."